‘बघू, बोलेल’ म्हणता म्हणता

२०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला या पट्ट्यात जीबीएसचे रुग्ण सापडू लागले, तेव्हा आम्ही वस्तीत घरोघर फिरत होतो. पाणी उकळून प्या, पिंप धुऊन घ्या, हातापायातला जोर गेल्यासारखा वाटला तर घरी थांबू नका, एवढेच सांगायचे होते. धरणाच्या काठी राहणाऱ्यांना पाणी कसे प्यावे ते शिकवायला आलात का, असे टोमणेही ऐकले. ३० जून २०२१ ला गाव महापालिकेत गेले, पण नळाचे पाणी तसेच, असे लोक म्हणत होते आणि त्यात राग असणे साहजिक होते.

अशाच एका घरात दाराशी आजी बसल्या होत्या आणि उंबऱ्याच्या आत तीन-साडेतीन वर्षांचा मुलगा बाटल्यांची बुचे एका रांगेत लावत होता. लाल, मग पांढरे, मग परत लाल. आम्ही नाव विचारले. आजींनी त्याला हाक मारली, पुन्हा मारली, तिसऱ्यांदा जरा मोठ्याने. मान वळली नाही. ‘‘ऐकायला कमी येतं का आजी?’’ ‘‘छे हो सिस्टर, कान लई तिखट हायेत. पलीकडच्या खोलीत बिस्किटाचा पुडा फोडला तरी पळत येतंय.’’

आम्ही हातातली पत्रके खाली ठेवली आणि बसलो. पुड्याचा आवाज ऐकू येतो, पण स्वतःच्या नावाची हाक पोचत नाही, हे एवढे वाक्य कोणत्याही परिचारिकेला जागे करायला पुरे असते. आजी पुढे म्हणाल्या, ‘‘ह्याचा बाप बी चार वर्षांचा होईस्तोवर बोलत नव्हता. बघू, बोलेल.’’

‘बघू, बोलेल’ हे शब्द आम्हाला टोचले, कारण ते एके काळी आम्हीच बोललो होतो. नोकरीत असताना लसीकरणाच्या दिवशी एका आईने दीड वर्षाचा मुलगा पुढे केला आणि विचारले, हा माझ्याकडे बघतच नाही, सिस्टर, काही दाखवतही नाही. रांग दारापर्यंत गेलेली. आम्ही वजन पाहिले, कार्ड पाहिले, सगळे बरोबर. म्हणालो, ‘‘अहो, मुलगे उशिरा बोलतात. काळजी करू नका.’’ पुढचा नंबर पुकारला. ते मूल आम्हाला पुन्हा दिसले तेव्हा सहा वर्षांचे होते, शाळेने घ्यायला नकार दिला होता आणि आई त्याला दोन्ही हातांनी धरून उभी होती. ‘तुम्हीच तर थांब म्हणाला होता’ असे ती बोलली असती तर एक वेळ बरे वाटले असते. ती काहीच बोलली नाही. आमच्या पदविकेच्या पुस्तकात या विषयावर चार ओळी होत्या हे खरे, पण समोर आई स्वतः सांगत होती, तिचे ऐकायला पुस्तक लागत नव्हते.

म्हणून हा लेख. या अवस्थेला ऑटिझम म्हणतात, मराठीत स्वमग्नता. हा मनाचा आजार नाही, वेड नाही, मतिमंदत्वाचे दुसरे नाव नाही. मेंदूची जडणघडण जन्माआधीपासून थोडी वेगळ्या वाटेने होते. त्यामुळे माणसांशी जोडून घेणे, नजर, हातवारे, बोलणे या गोष्टी आपसूक येत नाहीत, आणि आवाज, स्पर्श, उजेड, वास कधी फार जास्त तर कधी फार कमी जाणवतात. जगभरात साधारण शंभर-सव्वाशे माणसांमागे एक, असा अंदाज आहे. म्हणजे मोठ्या वस्तीत असे एकच मूल असेल असे समजू नका. निदान मुलांमध्ये जास्त होते. मुलींचे पुष्कळदा सुटून जाते, कारण गप्प बसणारी मुलगी आपल्याकडे शहाणी ठरते.

काय बघायचे? मूल वर्षाचे झाले की नावाने हाक मारल्यावर वळते का. टाटा करते का, हात पुढे करून ‘घे’ म्हणते का. दीड वर्षाच्या आसपास बोट दाखवते का, आणि तेही फक्त हवे ते मागायला नव्हे, तर तुम्हाला दाखवायला. धरणाच्या भिंतीवर बगळा बसलेला दिसला की मूल बोट करते, मग तुमच्या तोंडाकडे बघते, पुन्हा बगळ्याकडे बघते. त्या तीन नजरांत पुढच्या सगळ्या बोलण्याचे बी असते. स्वमग्न मूल पुष्कळदा तुमचा हात धरून, हात म्हणजे एखादा सांडशी-चिमटा असल्यासारखा, डब्यापर्यंत नेते, पण तोंडाकडे बघत नाही. सोळाव्या महिन्यापर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत ‘आई पाणी’ असे दोन शब्द जोडून नाहीत, तर दाखवायला न्यायचे. आलेले शब्द गेले, हसणे-बघणे मागे पडले, तर कोणत्याही वयात लगेच न्यायचे. यातले एखादे लक्षण म्हणजे ऑटिझम नव्हे. पण ‘नव्हे’ हे ठरवायलाही कोणीतरी जाणत्याने तपासावे लागते. आधी कानांची तपासणी होते. त्यातली ‘बेरा’ ही मूल झोपलेले असताना करतात, तिला सुई लागत नाही. गरोदरपणी मिळालेले माता-बाल संरक्षण कार्ड पेटीतून काढा. त्यात वजनाच्या आलेखाशिवाय कोणत्या वयात मुलाने काय करावे याची चित्रे असतात. ते पान आपण कोणी वाचत नाही.

आता दोषाचे बोलू, कारण घरात पहिली गोष्ट तीच होते. त्या आजींच्या सुनेला, म्हणजे मुलाच्या आईला, तीन वर्षांत काय काय ऐकावे लागले होते ते तिने नंतर हळूहळू सांगितले. पोटुशी असताना ग्रहण पाहिलेस. कामावर जातेस, पोराकडे लक्ष नाही. मोबाईल दिलास. कोणीतरी मागल्या जन्मीचेही काढले. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये मागल्या जन्माचे कर्म या जन्मी भोगावे लागते ही कल्पना तपासून नाकारली आहे. ते पुस्तक घरात फडताळावर असते आणि त्याच फडताळाखाली बसून आपण सुनेला पाप चिकटवतो. आईला दोष देणे ही काही अडाणी माणसांचीच खोड नाही. १९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी ११ मुलांचे वर्णन करून ही अवस्था वैद्यकशास्त्रापुढे मांडली, आणि पुढे वीसेक वर्षे मोठमोठे तज्ज्ञ सांगत होते की थंड स्वभावाच्या आईमुळे मूल असे होते. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँड यांनी पुस्तक लिहून हे खोडून काढले. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि स्वमग्न मुलाचे वडीलही होते.

लसीने ऑटिझम होतो ही अफवाही वस्तीत फिरते. तिचे मूळ १९९८ मध्ये ब्रिटनच्या अँड्र्यू वेकफिल्ड यांनी १२ मुलांवर लिहिलेल्या एका लेखात आहे. ती माहिती अप्रामाणिक निघाली, २०१० मध्ये नियतकालिकाने लेख मागे घेतला आणि वेकफिल्ड यांचा डॉक्टरकीचा परवाना गेला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांचा माग काढून २०१९ मध्ये पुन्हा दाखवले गेले की गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा काही संबंध नाही. लस चुकवू नका. मोबाईलचे म्हणाल तर मोबाईलने ऑटिझम होतो असे सिद्ध झालेले नाही. पण ज्या मुलाला माणसांकडे बघायला आधीच अवघड जाते, त्याचे बघण्याचे तास मोबाईल खाऊन टाकतो. दोन वर्षांच्या आत मोबाईल नको आणि नंतरही तासाभराच्या आत, हे कोणत्याही मुलाला लागू आहे.

उपचार काय, असे विचारले की लोकांच्या डोळ्यांपुढे औषधाची बाटली येते. ऑटिझम घालवणारे औषध नाही. झोप, फिट्स, फार आक्रमकपणा यांसाठी डॉक्टर कधी गोळ्या देतात, ते वेगळे. मुख्य काम असते शिकवण्याचे: मुलाला हवे-नको सांगण्याची वाट दाखवणे, लहान लहान पायऱ्यांनी कौशल्ये शिकवणे, आणि जे वागणे त्याला किंवा इतरांना इजा करते त्यामागचे कारण शोधून ते बदलणे. याला वर्तन-उपचार म्हणतात. हे लवकर, म्हणजे दोन-तीन वर्षांच्या वयात सुरू करायचे, कारण तेव्हा मेंदू झपाट्याने वाढत आणि जुळत असतो. चार-पाचला सुरू केले तर वाया गेले असे मात्र नाही. सातव्या वर्षी सुरू करूनही मुले शिकतात.

या उपचाराचा इतिहास सगळाच गोड नाही. अमेरिकेतील इव्हार लोव्हास यांनी १९८७ मध्ये जाहीर केले की आठवड्याला ४० तास शिकवलेल्या १९ मुलांपैकी ९ मुले इतर मुलांसारखी शाळेत बसू लागली. जगभर खळबळ झाली, आशा वाढली. पण त्या पद्धतीत ‘नाही’ म्हणून ओरडणे आणि मांडीवर चापट मारणेही होते, आणि इतके चांगले निकाल नंतर इतरांना तसेच मिळाले नाहीत. आज मोठे झालेले स्वमग्न लोक स्वतः सांगतात की आमचे हात हलवणे थांबवायला, जबरदस्तीने डोळ्यांत बघायला लावायला आमचे बालपण खर्ची घातले. त्यांचे ऐकले पाहिजे. हात फडफडवल्याने कोणाचे काही जात नाही. मारून, कोंडून, उपाशी ठेवून शिकवणारा कोणीही, कितीही पाट्या लावलेला असो, त्याच्याकडे मूल ठेवू नका. नंतरच्या पद्धती खेळातून शिकवतात. सॅली रॉजर्स आणि जेराल्डिन डॉसन यांच्या ‘डेन्व्हर’ पद्धतीत दीड ते अडीच वर्षांच्या ४८ मुलांवर दोन वर्षे अभ्यास झाला. २०१० मध्ये त्याचे निकाल आले. खेळातून शिकलेल्या गटाची बुद्धी आणि भाषा दुसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे पुढे गेली.

पण आठवड्याला २० तास तज्ज्ञ कोणी आणायचा? त्या आईने खासगी केंद्रात चौकशी केली होती. एका तासाचे पैसे म्हणजे तिची दोन दिवसांची धुणीभांडी. ती सोमवार ते शुक्रवार सोसायट्यांत काम करते, शनिवार-रविवारी खडकवासला चौपाटीवर कणसे भाजते. नवरा टेम्पोवर.

इथे गोव्यातले काम आम्हाला उपयोगी पडले. पर्वरीची ‘संगत’ ही संस्था आणि पाकिस्तानातील रावळपिंडी इथले लोक, इंग्लंडमधल्या संशोधकांबरोबर. इंग्लंडमध्ये आईवडिलांना शिकवण्याची एक पद्धत होती, ती इकडच्या घरांना बेतून घेतली. आणि शिकवायला डॉक्टर किंवा थेरपिस्ट नव्हे, तर प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते. दोन ते नऊ वर्षांची ६५ मुले, त्यातली निम्मी या गटात, १२ भेटी. २०१६ मध्ये निकाल छापून आले. आईवडील मुलाच्या लयीत बोलू-खेळू लागले आणि मुले आपणहून आईवडिलांशी संपर्क सुरू करू लागली. सगळे सुधारले असे मात्र नाही. दोघांनी मिळून एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ उलट कमी दिसला. पण वस्तीत राहणारी, पदवीपुरती शिकलेली बाई हे काम करू शकते, हे त्यातून कळले.

त्या कामाची युक्ती साधी आहे. आई आणि मूल खेळत असताना मोबाईलवर दहा मिनिटांचे चित्रीकरण करायचे, मग आईबरोबर बसून ते बघायचे. चुका काढायच्या नाहीत, जिथे जमले ती जागा शोधायची. आधी मुलाला सरकारी केंद्रात नेले, कान तपासले, निदान झाले, तिथल्या थेरपिस्टने घरी करायच्या गोष्टी सांगितल्या. आम्ही उपचार करणारे नव्हतो. सांगितलेले घरी नेमाने होते का ते बघायला, धीर द्यायला जात होतो. एका मंगळवारी आईचे चित्रीकरण केले. ती बुचे हातात घेऊन बोलत होती: ‘‘हे काय आहे? लाल म्हण. म्हण ना. हे बघ. काऊ कुठे? बोल ना बाळा. बोल.’’ दहा मिनिटांत तिने किती प्रश्न विचारले ते तिनेच मोजले, पन्नासच्या वर गेले. एकदा, फक्त एकदा, ती खोकला आला म्हणून थांबली. आणि त्या थांबण्यात मुलाने एक बूच तिच्या गुडघ्यावर ठेवले. तिने ते जागेवर पाहिलेच नव्हते. पडद्यावर पाहिले आणि म्हणाली, ‘‘ताई, मी त्याला मधे येऊच देत नाही की.’’

त्या दिवसापासून तिने थांबायला सुरुवात केली. त्याच्यासमोर जमिनीवर बसायचे, तो करतो तेच आपण करायचे. त्याने बूच ठेवले की आपणही एक ठेवायचे. बोलायचे ते एकच शब्द, तो बघत असेल त्याच गोष्टीचा: ‘‘लाल.’’ मग मनात दहापर्यंत मोजायचे. बिस्किटाचा पुडा पूर्ण हातात द्यायचा नाही, तुकडा द्यायचा आणि पुडा आपल्या तोंडाजवळ धरून थांबायचे. त्याने नजर टाकली, हात पुढे केला, ‘ब’सारखा काही आवाज काढला, तरी लगेच ‘‘बिस्कीट!’’ म्हणून द्यायचे. ‘लगेच’ महत्त्वाचे. आधी पूर्ण शब्द म्हण, मग देते, असा हट्ट धरला तर मूल मागणेच सोडते. अंघोळीचे पाणी ओतताना ‘‘एक, दोन…’’ म्हणून तांब्या वर धरून थांबायचे. रोजचे एक गाणे म्हणताना शेवटचा शब्द गाळायचा. भाकरी थापताना पिठाचा गोळा त्याच्याही हातात. यातल्या कशालाही दुकानातले खेळणे लागत नाही. हे दहा-दहा मिनिटे दिवसातून चार-पाच वेळा करायचे. आठवड्यातून एकदा दोन तास धरून बसण्यापेक्षा ते बरे.

डोके आपटण्याचे प्रकरण जास्त अवघड होते. मुलगा भिंतीवर, फरशीवर डोके आपटत असे, कपाळाला टेंगूळ कायमचे. शेजारी म्हणत, अंगात काहीतरी आहे. आम्ही कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला तीन रकाने आखले: आधी काय झाले, त्याने काय केले, नंतर आपण काय केले. आजींना लिहिता येत नव्हते, त्या सांगत, मोठी नात लिही. आठवडाभराने कागद पाहिला तर एकच वागणे, पण कारणे दोन निघाली. सकाळी पाणी आले की गल्लीतल्या मोटारी एकदम सुरू होत, तेव्हा तो कान दाबून डोके आपटत असे. हे दुखणे होते. आणि संध्याकाळी मोबाईल काढून घेतला की आपटत असे, घरचे घाबरून मोबाईल परत देत. हे शिकलेले होते, आणि शिकवणारे आपणच.

म्हणून उपायही दोन. मोटारीच्या वेळी त्याला शिक्षा नाही, समजावणे नाही. आधी बादलीचे चित्र दाखवायचे, कानटोपी घालायची आणि मोटार चालू व्हायच्या आत आजीने त्याला मागच्या बाजूला न्यायचे. मोबाईलच्या बाबतीत वेळ ठरवली. संपत आली की हात हलवून ‘‘संपलं’’ची खूण, आणि आपटायला लागला तर डोक्याखाली उशी सरकवायची, पण मोबाईल द्यायचा नाही. शांत झाल्यावर त्याने ‘दे’ची खूण केली तर बुचांचा डबा किंवा खाऊ लगेच द्यायचा. आम्ही आधीच सांगितले होते की पहिले काही दिवस आपटणे वाढेल, कारण आजवर चाललेली युक्ती मूल आणखी जोरात करून बघते. तसेच झाले. चौथ्या दिवशी शेजारच्यांनी भांडण काढले, वडिलांनी वैतागून मोबाईल दिला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. आम्ही शेजाऱ्यांकडे जाऊन बसलो. काय चालले आहे ते त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. तीन आठवड्यांनी संध्याकाळचे आपटणे बरेच कमी झाले. सकाळचे अजून आहे, मोटार अचानक सुरू झाली की. (जिथे डोक्याला खरी जखम होत असेल तिथे हे घरच्या घरी करू नका, थेरपिस्ट सोबत हवा.)

हे सगळे वाचून कोणी म्हणेल की मग आईनेच करावे, सरकार कशाला? नाही. ती सकाळी सातला बाहेर पडते. तिच्यावर तज्ज्ञाचेही काम टाकायचे आणि जमले नाही की पुन्हा तिलाच दोष, हे आम्हाला मान्य नाही. म्हणून आम्ही वडिलांना आणि आजींना शिकवायचा आग्रह धरला. वडील पहिले दोन महिने लांब राहिले. मध्यंतरी एका देवऋष्याला पैसे देऊन आले, आणि कोणीतरी मूळपेशींच्या इंजेक्शनची जाहिरात दाखवली तेव्हा टेम्पो गहाण ठेवायची भाषा करू लागले. इथे स्पष्ट सांगतो: ऑटिझमसाठी मूळपेशी अर्थात स्टेम सेलचा उपचार करू नये असे मत राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच दिले आहे. ‘सहा महिन्यांत बरा करतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

सरकारकडे जे आहे ते मागून घ्यायचे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात पालघरहून सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचा उपचार मोफत. विकासात मागे असलेल्या मुलांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. आपले जिल्हा रुग्णालय औंधला. खडकवासल्याहून बस बदलून जाण्यात अर्धा दिवस मोडतो, हे खरे आहे. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचे टीडीएच मॉरिस केंद्रही मुलांच्या विकासाचे काम करते. निदानासाठी भारतात बनवलेली ४० मुद्द्यांची ‘इसा’ मोजपट्टी वापरतात. त्यावरून टक्केवारी ठरते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांत ऑटिझम आहे. ४० टक्के किंवा अधिक असेल तर सवलती मिळतात, आणि ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. दिव्यांग ओळखपत्र काढा. लहानपणीचे प्रमाणपत्र काही वर्षांनी पुन्हा तपासावे लागते. ‘निरामय’ या विमा योजनेत वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण आहे आणि थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेत धरला जातो, म्हणून प्रत्येक पावती जपून ठेवा. संजय गांधी निराधार योजनेची चौकशी तहसील कार्यालयात होते. ‘प्रमाणपत्र घेतले तर पोराला शिक्का बसेल’ असे वडील म्हणत होते. शिक्का वस्तीने आधीच मारलेला असतो. कागदाने निदान हक्क मिळतो.

एक गोष्ट मात्र आम्हाला या वर्षात कळली. पथक अंगणवाडीत येते त्या दिवशी नेमके हेच मूल गैरहजर असते. कारण ते पळते, ओरडते, दुसऱ्याचा खाऊ घेते, म्हणून अंगणवाडीतून ‘थोडा मोठा झाला की आणा’ असे सांगितलेले असते, किंवा आईलाच लाज वाटते. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने दिव्यांग बालकांना अंगणवाडीत कसे सामावून घ्यायचे याची कार्यपद्धती जाहीर केली आहे, पण सेविकेच्या हाती एका वेळी किती मुले असतात तेही आम्ही पाहतो. तिच्याशी भांडून उपयोग नाही. आजी पहिला महिना मुलाबरोबर अंगणवाडीत जाऊन बसल्या, तेव्हा कुठे जमले. आता तो रोज दोन तास जातो. पाच वर्षांचा होत आला आहे. शब्द सात आहेत, त्यातले तीन फक्त घरच्यांनाच कळतात. ‘आई’ त्यात अजून नाही, ‘बू’ म्हणजे बूच आहे. आई हसून सांगते, ‘‘माझा नंबर बुचानंतर.’’ पण गेल्या पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले तेव्हा वडिलांच्या खांद्यावरून त्याने पाण्याकडे बोट केले आणि वडिलांच्या तोंडाकडे पाहिले. वडील घरी येऊन आधी तेच बोलले, भाड्याचे पैसे किती मिळाले ते नंतर.

वस्तीतल्या घरीच राहणाऱ्या मुलांची यादी आम्ही आता पथक यायच्या आधीच करतो आणि आशाताईंकडे देतो. आतापर्यंत पाच नावे झाली. त्यात दोन मुली आहेत. एका मुलाला ऑटिझम नव्हता, कानाने ऐकू येत नव्हते, आणि तेही आधीच कोणी पाहिले नव्हते. तुमच्या गल्लीत असे मूल असेल तर रविवारी सकाळी अकराला विहाराच्या मागच्या खोलीत माता-बाल कार्ड घेऊन या. आजी आल्या तरी चालेल, वडील आले तर जास्त चांगले. मूल आवाजाला घाबरत असेल तर आदल्या दिवशी निरोप द्या, त्या दिवशी आम्ही माईक लावत नाही.